वेठीतून सुटल्यावर जुन्या मालकाशी कसं वागायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरला की नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातून, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून, माणसं कामाला बाहेर पडतात. वीटभट्टी, कोळसाभट्टी, ऊसतोड, मेंढ्या, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा. पुष्कळदा आधी उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, हातात पडते आणि मग माणूस गाडीत बसतो. अनेकांचा हिशोब हंगामाअखेर मिटतो. काहींचा मिटतच नाही आणि मालक त्यांना सोडत नाही. अशा वेठीतून सुटलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या शिकलेल्या पोरासोरांसाठी हे पान आहे. सुटका एका दिवसात होते. त्यानंतर मात्र सुटलेला माणूस आणि त्याचा मालक त्याच तालुक्यात राहतात, त्याच बाजारात येतात, त्याच एसटीत बसतात. खालचे प्रश्न पाड्यावर, तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आणि रात्री उशिरा फोनवर आम्हा कार्यकर्त्यांना विचारले गेलेले आहेत.

शेठ म्हणतो, उचल अजून बाकी आहे. सुटलो तरी ती फेडावी लागेल का?

नाही. एक रुपयासुद्धा नाही.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा १९७६ सालचा आहे आणि तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू झाला असं मानलं जातं. त्याच्या कलम ६ प्रमाणे वेठबिगारीचं कर्ज संपलेलं आहे. त्यासाठी मालकाला कोर्टात दावा लावता येत नाही. आधीच हुकूमनामा मिळवलेला असेल तर तो पूर्ण फिटला असं धरलं जातं. कर्जापोटी जमीन, भांडी, जनावर गहाण ठेवलं असेल तर तेही मोकळं होतं. इतकंच काय, तुम्ही भीतीपोटी पैसे नेऊन दिले आणि त्याने ते घेतले, तर गुन्हा त्याच्यावर होतो. कलम ९ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे आणि घेतलेले पैसे तुम्हाला परत देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

हे पाड्यावर मोठ्याने सांगावं लागतं, कारण सुटलेली माणसं पहिल्या कमाईतून गुपचूप मालकाची 'बाकी' नेऊन देतात. कोणाचं देणं ठेवायचं नाही ही आपल्या माणसांची रीत आहे. त्या रीतीचाच मालकाने वर्षानुवर्षं फायदा घेतलेला असतो.

पण माझी उचल वेठबिगारीची की साधं कर्ज, हे कसं ओळखायचं?

उचल घेणारा प्रत्येक जण वेठबिगार नसतो. साधं हातउसनं किंवा सोसायटीचं कर्ज या कायद्याने बुडत नाही. स्वतःला चार गोष्टी विचारा. उचलीच्या बदल्यात फुकट किंवा नाममात्र पैशात राबावं लागत होतं का? दुसरीकडे कामाला जायला मनाई होती का? बाजाराला, गावाला, मयतीला जायचं तर परवानगी लागत होती का? तुम्ही पिकवलेला किंवा गोळा केलेला माल बाजारभावाने विकण्याची मुभा नव्हती का? यातली एक गोष्ट असली तरी ती वेठबिगारी ठरू शकते.

'नाममात्र' म्हणजे किती, यावर मालकाचे वकील घोळ घालतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच आहे असं ठरवलं. पुढच्याच वर्षी, १६ डिसेंबर १९८३ ला, वेठबिगारांसाठी लढणाऱ्या बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या खटल्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट झाली. सक्तीने काम करून घेतल्याचं दिसलं की त्यामागे उचल किंवा तसलं काही देणं होतं असं गृहीत धरायचं, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा 'उचलीचा कागद कुठे आहे?' असं कचेरीत कोणी विचारलं तर गडबडू नका. कलम १५ प्रमाणे, हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

माझ्या लग्नाला त्यानेच पैसे दिले. बायको बाळंतपणात अडली तेव्हा त्याच्याच गाडीतून घोटीला नेली. आता त्याच्याविरुद्ध जबाब कसा देऊ? ही बेइमानी नाही का?

सगळ्यात जास्त वेळा हा प्रश्न येतो आणि विचारणारा आवाज खाली करून विचारतो. म्हणून जरा सविस्तर.

त्या रात्री गाडी मिळाली आणि बायको वाचली हे खरं आहे. ते विसरा असं आम्ही कधीच सांगणार नाही. ते लक्षात ठेवणं हा तुमचा चांगुलपणा आहे. पण गाडी काढली याची परतफेड माणसाने स्वतःला आणि पोरांना ताब्यात देऊन करायची असते, असं कुठल्या धर्मात लिहिलेलं नाही आणि कुठल्या कायद्यातही नाही.

मालकाची वही एकदा नीट बघा. अशा वह्या आम्ही पुष्कळ चाळल्या आहेत. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. डाव्या बाजूला उचल, तिच्याखाली दर आठवड्याची खर्ची, म्हणजे हातखर्चाला दिलेले पैसे, मग तांदूळ, मीठ, तंबाखू, दवाखाना, जत्रेचे पैसे. तापाने पडलात तर त्या दिवसाचा 'खाडा' आणि खाड्याची कपात. उजव्या बाजूला तुमच्या कामाचे दिवस यायला हवेत. ती बाजू कोरी असते, नाहीतर वर्षाअखेर एकच आकडा, तोही मालकाने ठरवलेला.

ती कोरी बाजू आपण भरून पाहू. समजा उचल पंधरा हजार होती. समजा नवरा-बायको दोघं आठ महिने राबले, म्हणजे दोनशे चाळीस दिवस. आणि समजा प्रत्येकाला मिळायला हव्या त्या रोजापेक्षा दोनशे रुपये कमी मिळाले. दोघांचे मिळून शहाण्णव हजार होतात. हे एका हंगामाचं झालं. त्या पैशातून बाळंतपणाला तुमची तुम्ही गाडी केली असती आणि कोणाच्या उपकाराचा प्रश्नच आला नसता.

जबाबाचं म्हणाल तर जबाबात मालक चांगला होता की वाईट हे लिहायचं नसतं. किती दिवस काम केलं, काय मिळालं, कोणी अडवलं, कोणी मारलं, हे लिहायचं असतं. त्याने गाडी काढली हेही सांगायचं असेल तर सांगा, लेखनिक तेही उतरवून घेईल. खरं तेवढं सांगणाऱ्याला कोणी बेइमान म्हणू शकत नाही.

जबाबाच्या वेळी मालक कचेरीत असेल तर?

तर जबाब द्यायचा नाही. आधी त्याला बाहेर काढायला सांगायचं. यात भीड नको.

एका जबाबाला आम्ही हजर होतो. माणूस बाकावर बसून नीट सांगत होता: भट्टी कुठे, उचल किती, खर्ची किती, पोराला कोणी मारलं. मालक मागच्या दाराने आत आला. तो एक शब्द बोलला नाही, कपाटाला टेकून उभा राहिला एवढंच. सांगणारा माणूस बाकावरून उठला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला 'ते शेठला माहीत' एवढंच म्हणाला. कागदावर ते तसंच उतरलं. तो जबाब दुसऱ्यांदा घ्यायला लावताना आमची दमछाक झाली.

म्हणून हे पक्कं ठरवून जा. जबाब मालकाच्या आणि मुकादमाच्या गैरहजेरीत व्हावा. नवरा आणि बायको यांचे जबाब वेगवेगळे घ्यावेत, कारण बाईवर काय गुदरलं ते नवऱ्यासमोर पुष्कळदा बाहेर येत नाही. तुम्हाला कातकरी, ठाकर किंवा कोकणा बोलीत सांगणं सोपं जात असेल तर तसंच सांगा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका.

घोटीच्या बाजारात तो समोर आला तर काय करायचं? राम राम घालायचा का?

घालावासा वाटला तर घाला, नाही वाटला तर नका घालू. तुम्ही आता त्याचे गडी नाही, त्यामुळे ओळखीच्या कोणाही माणसाशी जसे वागाल तसे वागलात तरी पुरे.

काही माणसांना मात्र त्याची गाडी दिसली तरी घाम फुटतो. चप्पल आपसूक पायातून निघते, मान खाली जाते, हातातली पिशवी लपवावीशी वाटते. लाज वाटून घेण्यासारखं यात काहीही नाही. वर्षानुवर्षं शरीराला तेच वळण लागलेलं असतं आणि ते सुटायला वेळ लागतो. सुरुवातीचे काही महिने बाजाराला एकटं जाऊ नका, पाड्यावरचं कोणीतरी बरोबर असू द्या. त्याने थांबवून 'जरा बाजूला ये, बोलायचंय' म्हटलं तर बाजूला जायचं नाही. जे बोलायचं ते चारचौघांत. धमकी दिली, अंगावर आला, तर ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. 'नंतर बघू' म्हणालात की साक्षीदार पांगतात.

मालक घरी येऊन म्हणाला, 'झालं गेलं विसरू, परत ये, आता रोज देतो.' जावं का?

कायदा तुम्हाला अडवत नाही. मोकळ्या माणसाने कोणाकडे काम करायचं हे तोच ठरवतो आणि त्यात जुना मालकही आला. आमचं मत विचाराल तर पहिलं वर्षभर तरी जाऊ नका. खटला चालू असताना तर नकोच, कारण 'तो राजीखुशीने माझ्याकडेच काम करतोय' हे मालकाच्या वकिलाचं पहिलं वाक्य असतं.

पण पाड्यावरचं खरं आम्हाला ठाऊक आहे. श्रावण-भाद्रपदात घरात दाणा नसतो, काम नसतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुकादम उचलीचे पैसे घेऊन दारात येतो. भुकेल्या माणसाला 'जाऊ नको' सांगून आपण निघून यायचं, ही काही मदत नव्हे. नीरजा चौधरी खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं होतं की, पुनर्वसनाशिवाय केलेली सुटका माणसाला पुन्हा त्याच वेठीत ढकलते. म्हणून सुटकेनंतरचे पहिले दोन महिने आम्ही रेशनकार्ड, खातं आणि रोजगार हमीचं काम यांच्याच मागे लागतो.

तरीही जायचंच झालं तर पुढच्या अटींवर जा. उचल घ्यायची नाही, कितीही गोड बोलला तरी. दर आठवड्याला हिशोब, पैसे रोख हातात किंवा स्वतःच्या खात्यात. स्वतःची वही ठेवा. लिहिता येत नसेल तर पोराकडून रोज एक रेघ मारून घ्या, आणि खर्ची मिळाली त्या दिवसाला फुली. सगळं कुटुंब एका जागी नेऊ नका. म्हातारी आणि शाळेतली पोरं पाड्यावर राहू द्या. फोन तुमच्या हातात राहिला पाहिजे. आणि कुठे चाललात ते निघण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा कार्यकर्त्याला सांगून ठेवा.

आमची झोपडी त्याच्याच जागेत आहे. तो म्हणतो, उद्या खाली करा.

वेठीच्या बदल्यात दिलेल्या राहत्या जागेतून सुटलेल्या माणसाला हाकलता येत नाही, असं कलम ८ सांगतं. हाकललंच तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याने, म्हणजे बहुधा तहसीलदारांनी, ताबा परत द्यायचा आहे. दुसरीकडे जागा मिळेपर्यंत घाबरून सामान उचलू नका. झोपडीचे फोटो काढून ठेवा. आत तुम्ही, चूल, भांडी दिसतील असे.

आधार, रेशनकार्ड आणि दोन शेळ्या त्याच्याकडेच राहिल्या.

एकटे आणायला जाऊ नका. सुटकेच्या पंचनाम्यात या वस्तूंची नोंद करून घ्या. तेव्हा राहून गेलं असेल तर तहसीलदारांना स्वतंत्र अर्ज द्या आणि पोलिसांना घेऊन जा. आधार आणि रेशनकार्ड पुन्हा काढून मिळतं, त्यासाठी त्याच्या पाया पडायची गरज नाही. शेळ्यांचं मात्र लवकर बघा. त्या विकल्या जातात आणि मग 'मेल्या' म्हणून सांगितलं जातं.

केस मागे घे, पन्नास हजार देतो म्हणतो. घेतले तर बिघडलं कुठे?

या गुन्ह्याची दखल पोलिसांनी स्वतःहून घ्यायची असते, खटला सरकार चालवतं. तुम्ही स्टँप पेपरवर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून दिलं की खटला आपोआप संपत नाही. मात्र तुमची साक्ष लुळी पडते आणि मालकाला नेमकं तेच हवं असतं.

बुडालेली मजुरी हा तुमचा हक्क आहे आणि ती तुम्ही जरूर घ्यावी. ती तहसीलदारांसमोर किंवा कामगार अधिकाऱ्यासमोर, मजुरी म्हणूनच, तुमच्या खात्यात जमा झाली पाहिजे. रात्री मोटारसायकलवर येऊन कोणी पाकीट पुढे केलं तर ते घेऊ नका. दुसऱ्या दिवशी गावात 'त्याने पैसे खाऊन खोटी केस केली' अशी बोंब उठते आणि तुमच्या बाजूने उभे राहिलेले चार लोकही मागे सरतात.

सरकारकडून मिळणारे पैसे मालकाच्या खिशातून जातात का? त्याचा राग आमच्यावर निघेल.

पुनर्वसनाचे पैसे सरकारी योजनेतून येतात, मालकाकडून नव्हे. केंद्राच्या योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, आणि लैंगिक शोषण, मानवी व्यापार, अपंगत्व अशा फार गंभीर परिस्थितीत ३ लाख रुपये आहेत. सुटल्याबरोबर लागणाऱ्या खर्चासाठी ३० हजारांपर्यंत तातडीची मदत आहे आणि तिच्यासाठी मालकाला शिक्षा होण्याची वाट पाहायची नसते. खटला रेंगाळला असला, पण वेठबिगारी होती असा प्रथमदर्शनी निष्कर्ष प्रशासनाने काढला असेल, तर पुढच्या मदतीचा प्रस्तावही त्या कारणावरून अडवायचा नाही.

या सगळ्याची किल्ली म्हणजे मुक्ती प्रमाणपत्र, हा माणूस वेठीतून सुटला असं प्रशासन लिहून देतं तो कागद. हा कागद हातात आल्याशिवाय सुटका पुरी झाली असं आम्ही धरत नाही. पंचनामा झाला, गाडीतून घरी सोडलं, कोणी फोटो काढले, पण प्रमाणपत्र दिलंच नाही, अशी कुटुंबं वर्षानुवर्षं खेटे घालत राहतात.

मालकाला शिक्षा किती होते? आणि तो कधी घरी परत येतो?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तुमच्यासाठी तेच जास्त महत्त्वाचं आहे. वेठबिगार कायद्याखालचा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे मालक दुसऱ्या दिवशी गावात दिसू शकतो. तो दिसला म्हणजे 'केस संपली' असं नव्हे. तो सुटून आला की पाड्यावर मुद्दाम गाडी फिरवतो, चहाच्या टपरीवर मोठ्याने हसतो. त्याचं हे हसणं ऐकून कच खाऊ नका.

शिक्षा म्हणाल तर या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. १९७६ साली ठरलेला दंड आज अपमानास्पद वाटावा इतका तुटपुंजा आहे आणि तो वाढायलाच हवा. म्हणून गुन्हा नोंदवताना एवढ्यावर थांबू नये. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा आणि मालक त्याबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, त्यात वेठबिगारी स्पष्टपणे नमूद आहे आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची तरतूदही आहे. फसवून, पळवून नेलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं मानवी व्यापाराचं कलम १४३ लावायचा आग्रह धरा. त्यात किमान सात वर्षं आहेत.

पोरगा मेंढ्यांमागे आहे. मालक म्हणतो, 'मी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळतो.' पोरगाही त्याला मामा म्हणतो.

तरीही त्याला आणायचं. आजच.

चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं हाच गुन्हा आहे. इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं थोड्या हजार रुपयांवर आणि एखाद्या मेंढीवर नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिली गेल्याचं २०२२ मध्ये उघड झालं, ते एका लहान मुलीच्या मरणामुळे. ती मरेपर्यंत कोणालाही पत्ता नव्हता. तेव्हापासून 'पोटच्या पोरासारखा' हे शब्द आम्हाला ऐकवत नाहीत.

आईबापांना वाटतं की आपणच पोर दिलं, आता आपल्यालाच धरतील. ती भीती मनात ठेवून गप्प बसू नका. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करा आणि घडलं ते सांगा. गरिबीने गांजलेल्या आईबापांना मदतीची गरज असते आणि चांगला अधिकारी ते ओळखतो.

मुलाचं मन ही वेगळी गोष्ट. सहा-सात वर्षांचं पोर गेलेलं असतं, तीन वर्षांनी परत येतं तेव्हा ते आईशी नीट बोलत नाही, कुत्र्याची आणि कोकरांची आठवण काढतं, कधी 'मामाकडे जातो' म्हणतं. ज्याने मारलं त्यानेच जेवायलाही घातलं आणि त्या रानात दुसरं कोणी नव्हतं. पोराने मामाचं नाव काढलं म्हणून त्याला रागावू नका. शाळेत, आश्रमशाळेत घालायची घाई करण्याआधी त्याला काही दिवस घरी आईजवळ झोपू द्या.

मालक आमच्याच जातीचा आहे, नात्यातलाच मुकादम आहे. मग?

कायदा वेठबिगारीचा तोच लागतो. पंचायत बसवून मिटवू म्हणाले तर पंचायतीला जा, चहा प्या, पण सही-अंगठा देऊ नका.

नाशिकला गुलामांचा जुना इतिहास आहे म्हणतात. ते लोक सुटल्यावर त्यांच्या मालकांचं काय झालं?

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेली वस्ती. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडत असे. त्यांतून सुटलेल्या काही आफ्रिकी मुलांना मुंबईहून इथे आणलं गेलं. इथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८७३ मध्ये आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी वारला, तेव्हा ज्या झाडाखाली त्याचं हृदय पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरणारा जेकब वेनराइट शरणपूरच्या शाळेत शिकलेला होता. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर तोही होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या एका शरणपूरकराच्या गोष्टीत आहे. त्याचं नाव विल्यम जोन्स. १८७५ नंतर इथले बरेच आफ्रिकी पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या वस्त्यांवर गेले. तिथल्या रबाई गावात जोन्सने मालकांकडून पळून आलेल्या माणसांना आसरा दिला. १८८८ मध्ये मालकांनी 'आमची माणसं परत द्या' अशी मागणी लावून धरली. तेव्हा एका इंग्रजी कंपनीच्या प्रमुखाने मालकांना भरपाई देऊन सुमारे १,४०० माणसं सोडवली आणि १ जानेवारी १८८९ ला त्यांना स्वातंत्र्याचे कागद वाटले. पैसे गेले ते मालकांना. त्याआधी, १८३३ च्या कायद्याने इंग्लंडने आपल्या बहुतेक वसाहतींतले गुलाम सोडवले तेव्हाही २ कोटी पौंड मालकांनाच दिले होते. राबलेल्या माणसांच्या हातावर काही पडलं नाही.

आपल्या १९७६ च्या कायद्याने मालकाला एक पैसाही दिला नाही, उलट त्याचं येणं रद्द केलं आणि सुटलेल्याला मदत ठरवली. त्यामुळे 'माझं नुकसान कोण भरून देणार?' असं मालक म्हणाला तर त्याला सांगा, या देशाने त्याचं उत्तर केव्हाच देऊन टाकलं आहे.

त्याने पाया पडून माफी मागितली. काय करू?

माफ करायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. नवऱ्याने केलं म्हणून बायकोने करावं असंही नाही. बाईचं दुखणं निराळं असतं आणि तिचा नकार तिच्याजवळ राहू द्यावा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. माफ केलं म्हणून जबाब बदलायचा नाही. आणि माफी मागणाऱ्याने अडकवलेले कागद, बुडवलेली मजुरी, राहिलेल्या शेळ्या आणल्या आहेत का ते बघा. रिकाम्या हाताने आलेला माणूस बहुतेक वेळा तारीख जवळ आली म्हणून आलेला असतो, असा आमचा अनुभव आहे.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आमच्या आजोबांकडे एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राबलं. मला त्यांच्यासाठी काही करायचं आहे. त्यांच्या घरी जाऊ का?

हा प्रश्न क्वचित येतो, पण येतो, आणि विचारणाऱ्याचं आम्हाला मनापासून बरं वाटतं.

आधी निरोप पाठवा, अचानक दारात उभे राहू नका. तुमची गाडी पाड्यावर आली की त्या घरातली म्हातारी आजही उठून उभी राहील, आणि तुम्हाला ते नको असेल तर गाडी रस्त्यावर ठेवून चालत जा. ते भेटायला नको म्हणाले तर तो नकार मानून घ्या. भेटलात तर 'तुम्ही आमच्या घरातलेच होता' हे वाक्य कृपा करून बोलू नका. त्या घरात ते ओसरीच्या पुढे कधी आलेले नाहीत. जुन्या वह्या असतील तर त्यांना द्या, ती त्यांच्या राबण्याची नोंद आहे. त्यांच्या नावावर व्हायला हवी होती अशी जमीन तुमच्याकडे असेल तर वकिलाकडे जा आणि कागद करा. साडी-चोळी आणि मिठाईचा पुडा नेऊन परत येण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

हे सगळं करायला कोणाकडे जायचं?

प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करा. कलम १२ प्रमाणे चौकशी करणं हे त्यांचं कर्तव्य आहे. जिल्ह्याला आणि प्रत्येक उपविभागाला दक्षता समिती असायला हवी आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातीचे तीन जण असावे लागतात. तुमच्या समितीत कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली हे लेखी विचारा. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. वेठीला लावलेल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. एकटे जाऊ नका, पाड्यावरच्या दोघातिघांना घेऊन जा. अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि एका प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.